कर्करोग आणि रक्ताची वाट

घरांतील कोणास कर्करोग झाल्याचें कळतांच जे अनेक प्रश्न मनांत उभे राहतात, त्यांत एक हाही असतो कीं, आपल्याच शरीरांत उपजलेली ही गांठ शरीरालाच ग्रासण्याइतकें बळ कोठून मिळविते? बळ म्हणजे अखेर अन्न आणि प्राणवायु. आणि हीं दोन्ही पोंचविणारें वाहन एकच, तें म्हणजे रक्त. तेव्हां गांठीकडे जाणारी रक्ताची वाटच अडविली तर काय होईल, हा विचार ज्यांनीं आयुष्यभर सोडला नाहीं, त्या ज्यूडा फोकमन (१९३३–२००८) या अमेरिकन शस्त्रवैद्यांच्या कार्याचा परिचय वाचकांस करून देण्याचें येथें योजिलें आहे.

१९६० नंतरच्या दशकांत अमेरिकन आरमाराच्या बेथेस्डा येथील प्रयोगशाळेंत फोकमन व त्यांचे सहकारी बेकर हे रक्ताऐवजीं वापरतां येईल असा द्रव शोधीत होते. सशाची थायरॉईड ग्रंथि वेगळी काढून ते ती कांचपात्रांत अशा द्रवावर जिवंत ठेवीत. तींत त्यांनीं उंदराच्या कर्करोगाच्या पेशी सोडल्या. गांठी वाढूं लागल्या, पण एक-दोन मिलिमीटरांच्या झाल्यावर थबकल्या. त्या मेल्या म्हणावें, तर तसेंही नव्हतें; कारण त्याच गांठी जिवंत उंदराच्या अंगांत बसवितांच भराभर फोफावल्या. फरक एवढाच कीं, कांचपात्रांतील ग्रंथींत नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या. उंदराच्या अंगांत त्या फुटल्या.

याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. केशवाहिनींतून बाहेर पडलेला प्राणवायु मिलिमीटराच्या एक-दोन दशांशांपर्यंतच झिरपूं शकतो. त्यापलीकडील पेशी उपाशी राहते. म्हणून वाढूं पाहणाऱ्या गांठीस नव्या वाहिन्या बोलावून घेणें भागच पडतें. १९७१ सालीं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकांत फोकमन यांनीं असें प्रतिपादिलें कीं, गांठ कांहीं द्रव्य सोडून वाहिन्यांस आपल्याकडे ओढते, आणि तें द्रव्य निष्प्रभ केल्यास तिची वाढ खुंटेल. पुष्कळ तज्ज्ञांस हें पटलें नाहीं. गांठीभोंवतालच्या वाहिन्या हा केवळ सुजेचा परिणाम, असा त्यांचा समज होता. पुढें सशाच्या डोळ्याच्या पारदर्शक पटलांत, जेथें एकही रक्तवाहिनी नसते तेथें, गांठीचा तुकडा ठेवला असतां कडेच्या वाहिन्या त्याच्या रोखानें वाढत येतांना प्रत्यक्ष दिसल्या.

मग हें द्रव्य कर्करोगानें नव्यानेंच निर्माण केलें काय? मुळींच नाहीं. कोंबडीच्या उबविलेल्या अंड्यांत दुसऱ्या दिवशीं बलकावर रक्ताचीं बेटें दिसूं लागतात. १९२० सालीं फ्लॉरेन्स सेबिन या विदुषींनीं जिवंत गर्भ सूक्ष्मदर्शकाखालीं न्याहाळला, तेव्हां वाहिनीची भिंत व रक्तपेशी एकाच पेशीसमूहांतून उपजतांना त्यांना आढळल्या. नदी आणि तिचें पात्र एकाच उगमांतून निघावें, तसाच हा प्रकार! १९८९ सालीं कॅलिफोर्नियांत नापोलिओने फेरारा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वाहिन्या वाढविणारें एक प्रथिन ओळखलें. त्यास व्हीईजीएफ म्हणतात. या प्रथिनाचा संदेश झेलणारा पेशीवरील ग्राहक १९९५ सालच्या प्रयोगांत उंदरांतून काढून टाकला, तों गर्भांत ना वाहिन्या झाल्या, ना रक्ताचीं बेटें. ते गर्भ पोटांतच मेले. म्हणजे गर्भाच्या पोषणासाठीं निसर्गानें केलेल्या कोठाराची किल्लीच कर्करोगानें पळविली आहे.

किल्ली ओळखल्यावर उपाय सुचला. फेब्रुवारी २००४ मध्यें या प्रथिनास जखडून ठेवणारें बेव्हासिझुमॅब हें औषध अमेरिकेंत मान्य झालें. मोठ्या आंतड्याचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या रुग्णांवरील चांचणींत, रूढ रासायनिक औषधांनीं निम्मे रुग्ण १५.६ महिन्यांपलीकडे जगले होते. या औषधाच्या जोडीनें तीच मर्यादा २०.३ महिन्यांवर गेली. सुमारें पावणेपांच महिने! ज्या घरांतील माणूस तेवढा काळ अधिक लाभला, त्या घरास याचें मोल सांगावयास नको. तथापि हा रोगाचा नाश नव्हे. एक वाट अडली कीं गांठ दुसऱ्या द्रव्यांच्या साह्यानें नवी वाट काढते. शिवाय हें प्रथिन निरोगी शरीरासही हवें असल्यामुळें रक्तदाब वाढणें, जखमा उशिरां भरणें, रक्तस्राव होणें असे उपद्रव संभवतात. वृद्धांच्या नेत्रपटलाखालीं फाजील वाहिन्या फुटून दृष्टि जाते, त्या विकारांत मात्र याच तत्त्वावरील, २००६ सालीं मान्य झालेल्या इंजेक्शनानें अनेकांची दृष्टि वांचली आहे.

येथें एक इशारा देणें अवश्य वाटतें. कूर्चेंत रक्तवाहिन्या नसतात, एवढ्या आधारावर शार्क माशाच्या कूर्चेची भुकटी कर्करोगावर रामबाण म्हणून परदेशांत विकली गेली. रीतसर चांचण्यांत तिचा उपयोग आढळला नाहीं. संकटांत सांपडलेलें कुटुंब आशेच्या शब्दास लवकर भुलतें. म्हणून खऱ्या शास्त्रांतील अर्धें वाक्य उचलून केलेली जाहिरात निव्वळ थापेपेक्षांही अधिक घातक होय. औषधानें काय साधलें हें जो महिन्यांत मोजून सांगतो आणि काय साधलें नाहीं हेंही लपवीत नाहीं, त्याच वैद्याचा सल्ला रुग्णाच्या आप्तांनीं घ्यावा, हें उत्तम.