सेस्नाच्या मापाने बोइंगचा कारखाना

पेन फील्ड विमानतळाची मोठी धावपट्टी 150 फूट, म्हणजे जवळपास 46 मीटर रुंद आहे. बोइंग 747-8 च्या पंखांचा विस्तार 68.4 मीटर. विमान अगदी मधोमध उभं केलं तरी दोन्हीकडे अकरा-अकरा मीटर पंख पट्टीबाहेर जातो. सेस्ना 172 या छोट्या विमानाचा या टोकापासून त्या टोकापर्यंतचा अख्खा पंखविस्तारच अकरा मीटर!

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलच्या उत्तरेला एव्हरेट शहर आहे. जंबो जेट जन्मलं ते तिथल्या बोइंगच्या कारखान्यात. तो बघायला बहुतेक लोक मोटारीने येतात. पण पेन फील्ड कारखान्याला खेटूनच असल्यामुळे हौशी वैमानिकाला आपलं विमान घेऊन थेट शेजारी उतरता येतं. माझं मत विचाराल तर जावं ते असंच. इथले आकडे नुसते ऐकून डोक्यात शिरत नाहीत, त्यांना एखादं लहान माप लावावं लागतं, आणि ते माप आपणच उडवत आणलेलं असतं.

हे माप केवढं? माणसं, बॅगा, पेट्रोल धरून सेस्नाचं कमाल वजन 1,157 किलो, म्हणजे साधारण रिकाम्या एर्टिगाएवढं. राज्याच्या पूर्व टोकाच्या स्पोकेनहून निघालं तर एव्हरेट सरळ रेषेत 370 किलोमीटर. वारा आडवा आला नाही तर पावणेदोन तासांत पोचता येतं आणि साठेक लिटर पेट्रोल जळतं. वाटेत कॅस्केड पर्वत ओलांडावा लागतो. पश्चिमेकडे जाताना नियमाप्रमाणे 8,500 फूट ही सोयीची उंची. डावीकडे दूरवर माउंट रेनिअर दिसतो. त्याचा माथा 14,400 फुटांच्या आसपास आणि सेस्नाची कमाल मर्यादा 14,000, तेव्हा त्याच्या डोक्यावरून जायचा विचारच सोडावा.

खरी परीक्षा उतरताना. पुढे एखादं अवाढव्य विमान उतरत असेल तर टॉवर ‘वेक टर्ब्युलन्स’ची ताकीद देतो. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन भोवरे सुटतात आणि मागे हळूहळू खाली बसत जातात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण हलकं विमान त्यात सापडलं तर उलटंपालटं होऊ शकतं. म्हणून सेस्नावाला त्या विमानाच्या वाटेच्या वरूनच येतो, त्याची चाकं कुठे टेकली ते नजरेत धरतो आणि त्याच्या पुढे आपली चाकं टेकवतो. धावपट्टी 9,010 फूट लांब, त्यामुळे जागेची ददात नाही.

आता इमारत. आकारमानाने ही जगातली सर्वांत मोठी: 1 कोटी 33 लाख घनमीटर, छताखाली 98 एकर. सेस्ना मावेल असा चौकोनी खोका केला, 11 मीटर रुंद, सव्वाआठ मीटर लांब आणि पावणेतीन मीटर उंच, तर तो अडीचशे घनमीटरचा होतो. असे 53 हजार खोके या पोकळीत बसतील. 1956 पासून आजवर बनलेली सेस्ना 172 आहेत 44 हजारांच्या वर, आणि इतक्या संख्येने दुसरं कुठलंच विमान बनलेलं नाही. ती सगळी आत रचूनही जागा उरेल. (खांब, क्रेन, माणसं यांचा हिशेब मी धरलेला नाही, हे मान्य.)

747-8 च्या प्रवासी विमानाच्या टाक्यांत 2 लाख 38 हजार लिटर इंधन मावतं. दोघांचं इंधन वेगळं, पण नुसते लिटर मोजले तर तेवढ्यावर सेस्ना नऊ महिने अहोरात्र उडेल आणि पंधरा लाख किलोमीटर कापेल. चंद्रावर जाऊन परत यायचं, तेही जवळजवळ दोनदा! जंबो तेवढं इंधन एका लांब पल्ल्याच्या उड्डाणात संपवतं. शिवाय 747 मध्ये सुटे भाग साठ लाख, आणि त्यातले निम्मे नुसते बोल्ट, रिव्हेट यांसारखे जोडणीचे! इथेच जुळणी होणाऱ्या 777एक्सच्या इंजिनाच्या पंख्याचा व्यास 3.4 मीटर आहे. सेस्नाची उंचीही तेवढी नाही.

1971 मध्ये एअर इंडियाचं पहिलं जंबो, ‘सम्राट अशोक’, मुंबईला आलं ते इथूनच. शेवटचं, म्हणजे 1,574 वं 747 जानेवारी 2023 मध्ये ग्राहकाच्या ताब्यात गेलं. सेस्ना 172 कॅन्ससमध्ये अजून बनतंच आहे. संख्येत धाकटं केव्हाच पुढे निघून गेलंय. पण त्या 44 हजार विमानांचं कमाल वजन आजच्या मॉडेलच्या हिशेबाने एकत्र केलं, तरी पलीकडच्या पारड्यात पूर्ण भरलेली 114 जंबो पुरतात.