निर्यात थांबली, तर शेडमधल्या बायकांनी काय करायचं?

कांद्यावर ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात बंदी, मे 2024 ला शुल्कासह खुली, सप्टेंबरात 20 टक्के, एप्रिल 2025 पासून शून्य. असं काही झालं की पहिली गदा प्रतवारीच्या बायकांवर: "उद्यापासून येऊ नका." पण नजरेनं 45 मिलिमीटरचा कांदा ओळखणारा हात चार दिवसांत तयार होत नाही. द्राक्षाच्या कामाला गेल्या की परत मिळणं अवघड.

म्हणून बातमी आली त्याच दिवशी शेडमध्ये खरं सांगायचं. दिवस कमी करायचे तर पाळीनं, सगळ्यांचे सारखे. रोज कापायचा नाही. चाळीत सडका, मोडाचा कांदा निवडायचं काम असतंच ना? तुमच्याकडे किती दिवसांचं आहे, ते केंद्रावर कळवा. यादी आत्ताच करून ठेवू.