मासा कुणाचे संकट घेऊन जात नाही

आपल्या वस्त्यांतून आणि नव्या सोसायट्यांतून आता पुष्कळ घरांत माशांची काचेची टाकी दिसू लागली आहे. मुलांचा हट्ट असतो, घराला शोभा येते, त्यात वाईट काही नाही. पण टाकीच्या मागोमाग वास्तुशास्त्रवालाही घरात येतो. टाकी अमुक दिशेलाच ठेवा, मासे नऊच हवेत, त्यांत एक काळा हवा, असे बजावतो. आठवड्याभराने मासा मेला की सांगतो, “चांगले झाले, घरावरचे संकट तो घेऊन गेला.” मग बाजारातून दुसरा मासा आणला जातो आणि तोही संकट घेऊन जातो!

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या समाजाने ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पहिले शील आपण प्रत्येक वंदनेला उच्चारतो. ज्या घरात हे शील उच्चारले जाते, त्या घरात एका मुक्या जिवाचे मरण शुभ मानले जावे, हे आम्हाला पटत नाही. कारणाशिवाय कार्य घडत नाही, ही तथागतांची शिकवण आहे. तेव्हा मासा का मरतो, याचे कारण शोधणे आणि ते दूर करणे, हेच आपले काम.

कारण काय?

मासा संकटाने मरत नाही, तो बहुधा अमोनियाने मरतो. माशाची विष्ठा, त्याच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा मळ आणि उरलेले खाद्य यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. नव्या टाकीत तो संपवणारे कुणी नसते. समुद्राचे पाणी अल्कधर्मी असते, त्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो. अशा पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो. म्हणून खाऱ्या पाण्याच्या टाकीत हलगर्जीपणाची शिक्षा लवकर मिळते.

निसर्गात हा मळ दोन वाटांनी जातो. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि वनस्पती अमोनिया व नायट्रेट दोन्ही खत म्हणून शोषून घेतात. ज्या टाकीत वनस्पती वाढते, त्या टाकीत माशाचा मळ वाया जात नाही, त्याचे पान होते. समुद्री वनस्पतींची टाकी ती हीच.

मोलकरणीचे हात आणि शेवाळ

या विद्येचा इतिहास वाचण्यासारखा आहे. १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी समुद्रातील जिवंत प्रवाळ लंडनच्या घरी नेले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी रोज या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात जिवंत समुद्री शेवाळ ठेवण्यास सुरुवात केली. प्रकाशात शेवाळ स्वतःच प्राणवायू सोडते, मोलकरणीच्या हातांचे काम ते करू लागले. बाईंचे नाव इतिहासात राहिले. रोज हात दुखेपर्यंत पाणी ओतणाऱ्या त्या मुलीचे नाव मात्र कुणी सांगत नाही. आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

१८५० साली लंडनचेच रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी वनस्पती, मासे आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाण्याचा समतोल कसा टिकतो हे प्रयोगाने मांडले. पुढे १९६१ मध्ये इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी समुद्रातील जिवंत दगड आणि साधा हवेचा पंप एवढ्यावर सागरी मासे कसे पाळता येतात, ते लिहून प्रसिद्ध केले.

गवत वेगळे, शेवाळ वेगळे

समुद्री गवत आणि समुद्री शेवाळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. समुद्री गवत ही खरी सपुष्प वनस्पती आहे. तिला मुळे असतात आणि पाण्याखाली फुले येतात. शेवाळाला खरी मुळे नसतात, ते सारे अन्न पाण्यातूनच घेते.

समुद्री गवताच्या कुरणांत माशांची आणि कोळंबीची पिल्ले वाढतात. पाल्कच्या उपसागरातील समुद्रगाय याच गवतावर जगते. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत ही कुरणे अतिसंवेदनशील म्हणून नोंदलेली आहेत. म्हणून सहलीला गेल्यावर खाडीतून गवत उपटून आणण्याचा विचारही करू नये. घरी वाढवलेले रोप कुणाकडून मिळाले तरच ते लावावे. त्याला निदान १० सेंटीमीटर जाडीचा बारीक वाळूचा थर, भरपूर प्रकाश आणि भरपूर धीर लागतो. लावल्यावर जुनी पाने गळतात. मुळे धरायला काही महिने जातात. मध्येच उपटून पाहू नये.

नवशिक्याने शेवाळापासून सुरुवात करावी. तारांच्या गुंत्यासारखे हिरवे कीटोमॉर्फा, लालसर ग्रॅसिलेरिया किंवा उल्वा, यांची मूठभर फांदी दुसऱ्या शौकिनाकडून मिळाली तरी पुरते.

टाकी कशी उभारावी?

टाकी निदान १०० लिटरची असावी. लहान टाकी स्वस्त दिसते, पण थोड्या पाण्यात बिघाड लवकर होतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. घरचे मीठ टाकून समुद्राचे पाणी होत नाही, कारण समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे पुष्कळ क्षार असतात. मत्स्यालयासाठी मिळणारे सागरी मीठ आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवावे आणि हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आणावे. तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवावे.

टाकीतले पाणी उडून कमी होते तेव्हा फक्त पाणी उडते, क्षार मागेच राहतात. म्हणून कमी झालेली पातळी नेहमी गोड्या पाण्याने भरावी. त्यात पुन्हा मिठाचे पाणी ओतले तर खारटपणा वाढत जातो. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलताना मात्र तयार खारे पाणीच घालावे.

पाणी, वाळू, दगड आणि शेवाळ घातल्यावर चार ते सहा आठवडे मासा आणू नये. या काळात जिवाणूंना चिमूटभर खाद्य द्यावे आणि टेस्ट किटने तपासत राहावे. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन तिथेच राहिले की मगच पहिला मासा आणावा. दिवा रोज आठ ते दहा तास लावावा. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात, म्हणून पंप रात्रंदिवस चालू हवा. वीज गेली तर उपयोगी पडेल असा बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असावा.

जमाखर्च जुळला पाहिजे

आम्ही कारकुनी करणारी माणसे, आम्हाला ही गोष्ट जमाखर्चाच्या भाषेत लवकर कळते. टाकीत पडणारे खाद्य ही जमा. दर पंधरा दिवसांनी कापून बाहेर काढलेले शेवाळ हा खर्च. जमा वाढली आणि खर्च झाला नाही, तर नायट्रेट शिल्लक पडत जाते आणि काचेवर घाण चढते. म्हणून शेवाळ वाढले की कापावे. कॉलर्पा जातीचे शेवाळ न कापता वाढू दिले, तर ते कधीकधी एका रात्रीत विरघळून सारे पाणी गढूळ करते.

मासेही या हिशोबातच बसले पाहिजेत. १०० लिटरला क्लाउनफिशची एक जोडी आणि एखादा लहान गोबी पुरे. सर्जनफिश शेवाळ खातो आणि त्याला पोहायला मोठी जागा लागते, तो घेऊ नये. क्लाउनफिशची पैदास हौदात करण्याचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. हौदात जन्मलेलाच मासा मागून घ्यावा. नीट सांभाळला तर तो दहा वर्षांहून अधिक जगतो. समुद्रघोडा आणि प्रवाळ यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. दुकानदाराने गुपचूप दाखवले तरी घेऊ नये.

टाकीतले टाकीतच

कापलेले शेवाळ गटारात, खाडीत किंवा समुद्रात टाकू नये. १९८४ मध्ये मोनाकोच्या किनाऱ्यावर कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा एक लहान तुकडा दिसला. तो मत्स्यालयातून आलेला मानला जातो. पुढे ते शेवाळ भूमध्य समुद्रात दूरवर पसरले आणि तिथल्या समुद्री गवताच्या कुरणांवर चढले. २००० साली ते कॅलिफोर्नियातही सापडले. म्हणून कापलेले शेवाळ उन्हात पूर्ण वाळवून मगच ओल्या कचऱ्यात द्यावे. पाण्याच्या हक्कासाठी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर गेलेला आपला समाज आहे. पाणी सर्वांचे आहे हे आपण जगाला सांगितले, तेव्हा ते सर्वांसाठी जपणेही आपल्याकडे आले.

विहारात एक टाकी

वाचक बंधू-भगिनींनो, ही टाकी गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा महाग पडते, हे आधीच सांगितलेले बरे. कर्ज काढून किंवा हप्त्यावर ती घेऊ नये. आमची सूचना अशी आहे, की विहाराच्या अभ्यासिकेत दहा-बारा कुटुंबांनी वर्गणी काढून एक टाकी उभारावी. मुलामुलींच्या पाळ्या लावाव्यात. शेजारी एक वही ठेवावी. त्यात तारीख, तापमान, खारटपणा, अमोनिया, नायट्रेट आणि खाद्य यांची रोजची नोंद मुलांनीच करावी. मासा आजारी पडला तर वही उघडून मागच्या पंधरा दिवसांचे आकडे पाहावेत. कारण बहुतेक वेळा तिथेच सापडते.

अशा वहीवर वाढलेल्या मुलाला पुढे कुणी सांगितले, की मासा संकट घेऊन गेला, तर ते मूल विचारील, “काल अमोनिया किती होता?” हा प्रश्न आपल्या मुलांच्या तोंडी यावा, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे.