रेल्वे न आलेलं गाव

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्यालगत, निकोडेमस नावाचं गाव आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे अवघी १४ माणसं भरली. या गावाची कहाणी बहुतेक वेळा एकाच चालीवर सांगितली जाते: गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या कुटुंबांनी १८७७ मध्ये ते वसवलं, दहाएक वर्षांत तिथे बरी पेठ उभी राहिली, १८८८ मध्ये रेल्वेने बगल दिली आणि गाव मेलं. कहाणी चोख आहे, पण अर्धीच खरी. रेल्वेमुळे गेली ती निकोडेमसची पेठ. गाव रिकामं झालं ते पुष्कळ पुढे आणि वेगळ्या कारणांनी.

पेठ आणि गाव यांतला फरक पाहायचा तर सुरुवातीकडे जावं लागतं. देशातल्या यादवी युद्धानंतर दक्षिणेत काळ्यांना मिळालेलं राजकीय संरक्षण १८७७ पर्यंत विरलं होतं. त्याच वर्षी जमिनीचा धंदा करणारा डब्ल्यू. आर. हिल हा गोरा आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हा काळा गृहस्थ, यांच्या कंपनीने केंटकीत जाहिराती फिरवल्या. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळत होती. अट होती ती पाच वर्षं राहून कसण्याची. (ही ‘मोकळी’ जमीन मूळ रहिवाशांना हुसकावूनच मोकळी झाली होती, हे जाहिरातीत अर्थातच नव्हतं.) माणसं रेल्वेने एलिसपर्यंत आली आणि तिथून दोन दिवस चालत निघाली. विलियाना हिकमन या बाईंनी पुढे सांगून ठेवलं आहे, की गाव कुठे आहे म्हणून विचारल्यावर नवऱ्याने बोट दाखवलं ते जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे, आणि त्यांना रडू फुटलं. घरं म्हणजे उतारात खणलेली भुयारं, वर फांद्या आणि गवताळ मातीची ढेकळं. लाकूड दुर्मीळ, म्हणून चुलीत वाळलेलं शेण नाहीतर सूर्यफुलाची धाटं. साऱ्या वसाहतीत मिळून घोडे तीन. उरलेल्यांनी गवताळ रान कुदळ-फावड्याने फोडलं. काही कुटुंबं आल्या पावली परतली. पहिला हिवाळा निभावला तो शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी दिलेल्या मांसावर.

अशी माणसं दुकानांच्या भरवशावर राहिलेली नव्हती. १८८० च्या दशकात हॉटेल, बँक, दोन वृत्तपत्रं झाली हे खरं. इथे येऊन राहिलेले एडवर्ड मॅकेब तर १८८२ मध्ये राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. १८८७ मध्ये रेल्वे यावी म्हणून लोकांनी १६,००० डॉलरच्या रोख्यांना मतं दिली. रूळ शेवटी पडले ते नदीच्या पलीकडे, बोग या गावी, आणि दुकानदार तिकडे गेले. शेतकऱ्याची जमीन मात्र उचलून नेता येत नाही. गाव ‘मेल्यावर’ काय बांधलं गेलं ते पाहा: १९०७ मध्ये बॅप्टिस्ट चर्च, १९१८ मध्ये शाळेची नवी इमारत, १९३९ मध्ये सरकारी रोजगार योजनेतून चुनखडीचं सभागृह. मेलेल्या गावाला शाळा लागत नाही.

आणि रेल्वे मिळालेल्या बोगचं तरी काय झालं? आज तिथे दीडेकशे माणसं आहेत. ही दोन्ही गावं ज्यात आहेत त्या अख्ख्या ग्रॅहम परगण्याची वस्ती शंभर वर्षांपूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आली आहे. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस, १९३० च्या दशकातली धुळीची वादळं, मग ट्रॅक्टर आणि कंबाईन: जिथे दहा कुटुंबं लागत तिथे एक पुरू लागलं. निकोडेमसचं पोस्ट १९५३ मध्ये बंद झालं, शाळा १९६० मध्ये. यावर कुणी म्हणेल, मग हे गाव इतर गावांसारखंच ओस पडलं, त्यात वर्णाचा संबंध काय? संबंध कर्जाचा आहे. मोठं यंत्र आणि शेजारची जमीन घ्यायला उधारी लागते, आणि काळ्या शेतकऱ्यांना ती देताना अमेरिकी कृषी खात्याकडून भेदभाव झाल्याच्या तक्रारींवर १९९९ मध्ये न्यायालयाच्या मंजुरीने मोठी तडजोड झाली. १९२० मध्ये देशात काळे शेतकरी सव्वानऊ लाखांच्या घरात होते, म्हणजे साधारण सातात एक; आज ते शंभरात दोनसुद्धा नाहीत. दुष्काळ सगळ्यांवर सारखा कोसळला, पण त्यातून सावरायची सोय सारखी नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: १९९६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालेलं हे गाव आता गाव कसलं, संग्रहालयच. पाट्या आहेत, पर्यटक येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जुलैच्या अखेरीला इथे भरणारा मेळा पर्यटकांसाठी काढलेला नाही. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधली गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ ला संपली, त्या दिवसाच्या आठवणीने हा सण सुरू झाला. पुढे तो घरवापसीचा मेळा झाला. डेन्व्हर, कॅन्सस सिटी, कॅलिफोर्नियात पांगलेल्यांची नातवंडं-पतवंडं त्यासाठी येतात, मिरवणूक निघते, पंगती उठतात. गावात कोण झोपतं एवढंच जनगणना मोजते. आपलं गाव कोणतं, हा प्रश्न तिच्या कागदात नसतो. यादवीनंतरच्या त्या वर्षांत काळ्यांनी पश्चिमेच्या माळावर वसवलेल्या गावांपैकी टिकून राहिलेलं हे एकच आहे, आणि त्याला रेल्वे कधीच मिळाली नाही.