शहाडमधून ऑरोरा का दिसत नाही?

मे २०२४ च्या सौरवादळात लडाखमधील हानले येथे आकाश लाल झाले. शहाडमध्ये मात्र काहीच दिसले नाही. असे का?

सूर्यातून विद्युतभारित कणांचा वारा सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने वाहतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र तो अडवते. काही कण ध्रुवांजवळ उतरून हवेवर आदळतात आणि आकाश उजळते. शहाड ध्रुवांपासून फार दूर आहे.

वादळाचा धक्का मात्र इथवर पोहोचतो. २ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे नोंदवले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलले. तिथे ते आजही चालते.

तेव्हा युरोप-अमेरिकेत तारयंत्रे बिघडली होती. आज तसे वादळ आले, तर धोका उपग्रहांना, वीजपुरवठ्याला आणि मोबाइलमधल्या जीपीएसला.