धातूला भोक पाडताना तेल कोणतं घालावं?

श्रोतेहो, तत्त्वज्ञानाच्या माणसानं ड्रिल मशीनवर बोलायचं म्हटल्यावर काहींच्या भुवया वर गेल्या आहेत, त्या आम्हाला इथून दिसतात. असू द्या. हे व्याख्यान कार्यकारणभावावरचं आहे, आणि कार्यकारणभाव शिकायला लोखंडी पट्टीतल्या भोकाइतकं सोपं उदाहरण दुसरं नाही.

‘तेल कोणतं घालावं’ असं विचारण्याआधी आपण विचारलं पाहिजे की तेल तिथे करतं काय. ड्रिल बिटच्या टोकाला दोन धारा असतात. त्या धातूचा पातळ थर उचलतात, तो वाकतो, तुटतो आणि कीस होऊन नळीतून वर येतो. ही मोडतोड म्हणजेच उष्णता. बहुतेक उष्णता धातू वाकण्यातून येते, थोडी कीस धारेवर घासण्यातून. आता धार बोथट असेल तर? 1798 साली काउंट रम्फर्ड यांचा एक निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. म्युनिकमध्ये तोफेच्या नळ्या कोरताना ते पाहत होते. त्यांनी मुद्दाम बोथट हत्यार घेतलं, घोड्यांकडून यंत्र फिरवलं, भोवती पाणी ठेवलं, आणि अडीच तासांत ते पाणी विस्तवाशिवाय उकळलं. उष्णता हा एखादा द्रव पदार्थ नव्हे, हे सांगायला त्यांना हा प्रयोग हवा होता. आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचं, की बोथट हत्यार कापत कमी आणि तापवत जास्त.

तेव्हा वंगणाची कामं दोन: थंड करणं आणि घसरवणं. पाणी थंड उत्तम करतं, पण घसरवत नाही आणि गंज आणतं. तेल घसरवतं चांगलं, थंड बेताचंच करतं. म्हणून कारखान्यात सोल्युबल ऑइल पाण्यात कालवून दुधासारखं पांढरं करतात आणि त्याची धार सोडतात. फ्रेडरिक टेलर यांनी 1906 साली अमेरिकन यंत्र-अभियंत्यांपुढे सांगितलं होतं की हत्यारावर पाण्याचा जोरदार प्रवाह सोडला तर कापण्याचा वेग सुमारे 40 टक्क्यांनी वाढवता येतो. पण तो कारखाना. घरात आपल्या हातात विजेचं मशीन असतं, त्यावर पाणी ओतायचं नाही हे सांगायला नकोच. घरी आपण चार थेंब टाकतो, म्हणजे थंड करण्याचं काम मुख्यतः वेग कमी ठेवून आणि मध्ये मध्ये थांबून करायचं. तेलाकडून घसरवण्याची अपेक्षा ठेवायची.

आता न्यायशास्त्राचा एक शब्द घेऊ: ‘अन्यथासिद्ध’. घडा घडवताना कुंभार, माती, चाक ही कारणं. माती वाहून आणणारं गाढवही तिथे हजर असतं, पण त्याला आपण घड्याचं कारण म्हणत नाही. तेलाच्या बाबतीत असं गाढव फार वेळा कारण म्हणून मिरवतं. एक जण म्हणतो, ‘आम्ही खोबरेल घातलं, लोण्यासारखं भोक पडलं.’ बरोबर, पण त्याच दिवशी बिटही नवा आणला होता! दुसरा म्हणतो, कटिंग ऑइल घालूनही जमलं नाही. विचारलं तर बिट भिंतीचा, आणि मशीन हॅमरवर. इथे अन्वय-व्यतिरेक वापरायचा. तीच पट्टी, तोच बिट, तोच वेग. एक भोक तेलासह, एक तेलाशिवाय. दोन मिनिटांचं काम आहे, पण करतं कोण?

असं करून पाहिलं की कळतं, दोन मिलिमीटरच्या पत्र्याला तेलाने फारसा फरक पडत नाही. भोक जाड आणि खोल होत जातं तसा तो दिसू लागतो. खोली व्यासाच्या तिपटीवर गेली की बिट मधूनमधून बाहेर काढून कीस झटकावा आणि पुन्हा दोन थेंब द्यावेत. नाहीतर वरून कितीही तेल घाला, ते टोकापर्यंत पोचतच नाही.

वेगाचा हिशोब सोपा आहे. साध्या लोखंडात हायस्पीड स्टीलच्या बिटची कड मिनिटाला साधारण 25 मीटर पळाली तर ठीक. म्हणजे 6 मिलिमीटरच्या बिटला सुमारे 1300 फेरे, 10 मिलिमीटरच्या बिटला सुमारे 800. घरचं मशीन पूर्ण दाबलं तर 2500-3000 फेरे सहज घेतं. बिट जळतात ते बहुधा इथे, आणि शिव्या तेलाला.

धातूप्रमाणे सांगायचं तर बीड कोरडंच पाडावं. त्यातलं ग्राफाइटच वंगणाचं काम करतं. तेल घातलं की भुकटीचा चिखल होतो. पितळही कोरडं चालतं, पण ते बिटला आत ओढतं, म्हणून वस्तू वाइसमध्ये घट्ट हवी. ॲल्युमिनियम मऊ असून त्रास देतं, कारण ते धारेला चिकटून बसतं. तिथे पातळ वंगण हवं. पूर्वी रॉकेल वापरत, आता डब्ल्यूडी-40 सारखा फवाराही चालतो. दोन्ही पेट घेणारी आहेत आणि मशीनच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात, म्हणून थेंबानेच काम करावं. पेट्रोल तर कधीच नाही. साध्या लोखंडाला कटिंग ऑइल उत्तम. नसेल तर कोरं इंजिन ऑइल किंवा खोबरेलही चालेल. वनस्पती तेलाचे रेणू धातूला धरून बसतात, म्हणून ते घसरवण्यात खनिज तेलाला हार जात नाही. जवसाचं किंवा सूर्यफुलाचं मात्र नंतर चिकट होतं. खोबरेल तसं सहसा होत नाही.

वापरलेलं काळं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून कोणी वापरू नये. त्यात कर्करोगाशी संबंध असलेली द्रव्यं साचतात. लँकेशायरच्या सूतगिरण्यांत यंत्रांच्या तेलाने कपडे भिजत राहिलेल्या कामगारांना त्वचेचा कर्करोग होत असे, हा नोंदलेला इतिहास आहे.

स्टेनलेस स्टीलपाशी थोडं थांबू, कारण मागच्या वेळी एका श्रोत्यांनी तोच प्रश्न विचारला होता. पत्नीच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवायचा होता, आणि त्याच्या पट्टीत एक जास्तीचं भोक हवं होतं. अर्धा मिलिमीटर गेलं, बिट किंचाळला, पुढे सरकेना. ‘तेल कमी पडलं का?’ नाही हो, तेल नव्हे. हे स्टील धार नुसती घासत राहिली तर त्याच जागी अधिक कठीण होतं. संकोचून हलका दाब दिला की आपणच त्याला कठीण करत असतो. इथे कोबाल्टचा धारदार बिट, 6 मिलिमीटरला सुमारे 600 फेरे, पहिल्या क्षणापासून ठाम दाब, आणि कीस अखंड निघाला पाहिजे. गंधकयुक्त कटिंग ऑइल इथे खरं कामाला येतं. दाबाखाली गंधक धातूशी संयोग पावून धार आणि कीस यांच्यात पातळ थर धरतं. तेच तेल तांब्या-पितळेवर घातलं तर काळे डाग पडतात. बसलेल्या भोकाशी झटापट करण्यापेक्षा पट्टी उलटी करून मागच्या बाजूने नव्या बिटने सुरुवात करावी. दांड्यावर माणसाचं वजन येणार आहे, म्हणून भोक कडेपासून पुरेसं आत असू द्यावं.

पट्टी क्लॅम्पमध्ये धरा, हातात धरू नका. बिट पलीकडे निघताना तो अडकतो आणि पट्टी पंख्यासारखी फिरते. त्या क्षणी दाब कमी करावा. हातमोजे घालू नयेत, बिट त्यांनाही ओढतो. चष्मा मात्र हवाच. भोक झालं की कडेची बर काढून तेल साबणाच्या पाण्याने पुसावं, नाहीतर त्यावर रंग धरत नाही, आणि न्हाणीघरात तर पाय घसरतो.