ठेव मोडण्याआधी

काही महिन्यांपूर्वी एक शिक्षिका दवाखान्यात आल्या. वय बावन्न, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. पर्समधून चार घड्या घातलेलं जाहिरातीचं पत्रक काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. "डॉक्टरबाई, हे लेसर करून घ्यावं म्हणते. ठेव मोडायची तयारी आहे. घरी कुणाला सांगितलेलं नाही."

त्रास काय, हे सांगायला मात्र त्यांना दहा मिनिटं लागली. कोरडेपणा, खाज, लघवीला जळजळ. नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की अंगावर काटा. वर्षभर त्या हे एकट्या सोसत होत्या. असं सोसणाऱ्या बायका घरोघरी आहेत. पाळी गेली, आता हे चालायचंच, अशी आपल्याकडे समजूत.

पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं. त्यामुळे योनिमार्गाचं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं. तिथे वस्तीला असलेले उपकारक जंतू घटतात, आम्लता कमी होते आणि जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो. मूत्रमार्ग शेजारीच, म्हणून लघवीच्या तक्रारीही सोबत येतात. पाळी गेल्यावर येणाऱ्या गरमीच्या लाटा बहुधा काळानं ओसरतात. हा कोरडेपणा मात्र उपचार केल्याशिवाय सहसा जात नाही.

आता ते लेसर. यात बहुधा कार्बन डायऑक्साइड लेसर वापरतात. त्याचा किरण पेशींतलं पाणी शोषून घेतं आणि अस्तरावर अगदी बारीक ठिपक्यांएवढी जागा तापते. ती भरून येताना नवं कोलॅजन तयार व्हावं, रक्तपुरवठा वाढावा, अशी त्यामागची कल्पना. चिरफाड नाही, टाके नाहीत, काही मिनिटांचं काम. साधारण महिन्याच्या अंतरानं तीनदा करतात. कल्पना चुकीची वाटत नाही. सुरुवातीच्या लहान अभ्यासांत बायकांना बरंही वाटलं होतं.

पण बरं वाटलं ते लेसरमुळे की काहीतरी केलं या समाधानामुळे? ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हे पडताळून पाहिलं. काही स्त्रियांना खरा उपचार दिला. इतरांना यंत्र तसंच लावलं, पण उपचाराइतकी शक्ती दिली नाही. कुणाला काय मिळालं हे त्या स्त्रियांना ठाऊक नव्हतं. वर्षभरानंतर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. हे निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. त्याआधी 2018 च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेनं जाहीर इशारा दिला होता. ही यंत्रं मस्से किंवा कर्करोगपूर्व पेशी नष्ट करण्यासारख्या कामांसाठी संमत आहेत, कोरडेपणासाठी किंवा 'तारुण्य परत आणण्यासाठी' नाहीत. भाजणं, व्रण पडणं, कायमचं दुखणं असे प्रकारही घडले आहेत, असं त्या संस्थेनं म्हटलं. पत्रकावर यातलं काही नव्हतं. गुलाबाचं फूल मात्र मोठं होतं.

लेसर सरसकट वाईट, असं मी म्हणत नाही. संशोधन चालू आहे. पण पहिला उपाय म्हणून ठेव मोडावी, इतका भक्कम पुरावा आज नाही.

बाईंची आधी तपासणी केली, लघवी आणि रक्तातली साखर पाहिली. कारण मधुमेहातही खाज सुटते. मग इस्ट्रोजेनचं योनिमार्गात लावायचं मलम दिलं, दोन आठवडे रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. ते रक्तात फारच थोडं उतरतं. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. संबंधाच्या वेळी वंगण म्हणून पाण्यात विरघळणारी जेली सांगितली. आणि एक गोष्ट बजावून सांगितली, इथेही सांगते: पाळी गेल्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

अडीच महिन्यांनी बाई पुन्हा आल्या. जळजळ गेली होती, ठेव शाबूत होती. सोबत धाकटी जाऊ. तिला खोकताना, शिंकताना लघवी सुटत असे आणि तिच्याही हातात तेच पत्रक! तिला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवला. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो, तेच आवळायचे आणि सैल सोडायचे. एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने.

"भाकरी थापताना केलं तर चालेल का हो?" तिनं विचारलं.

चालेल की, म्हटलं. कुणाला कळणारही नाही.